केवढं आहे हे?

परवा आई आणि मी टीव्हीवर एका चित्राविषयीचा कार्यक्रम बघत होतो. चित्र व्हर्मीरचं, लेस विणणाऱ्या मुलीचं. कॅमेरा तिच्या बोटांवरून फिरला, दोन बोटांत ताणून धरलेल्या बारीक धाग्यांवर थांबला, मग शेजारच्या उशीतून ओघळणाऱ्या लाल-पांढऱ्या दोऱ्यांवर आला. ते दोरे इतके सैल रंगवलेत की रंगच सांडल्यासारखा वाटतो. निवेदकाचा आवाज छान होता, माहिती नेमकी होती, मागे कुठेतरी चेलो वाजत होता. कार्यक्रम संपला तेव्हा आईने विचारलं, "पण हे आहे केवढं?" मी हाताने दाखवलं. साधारण २४ सेंटिमीटर उंच, २१ रुंद, वहीच्या पानाएवढं. आई माझ्या हातांकडे बघत राहिली. "मग त्यांनी ते भिंतीएवढं का दाखवलं?" मी काहीतरी उत्तर दिलं, पडदाच तेवढा आहे वगैरे. ते तिलाही पटलं नाही आणि मलाही. प्रश्न मात्र डोक्यात राहिला, आणि त्या दिवसापासून कलेवरचा कोणताही कार्यक्रम लावला की मी मनात आधी तोच विचारते.

कारण टीव्हीवर सगळी चित्रं एकाच मापाची होतात. पिकासोचं 'गेर्निका' जवळपास पावणेआठ मीटर रुंद आहे. त्याच्यासमोर उभं राहिलं तर ते एका नजरेत मावत नाही, मान वळवावी लागते, चार पावलं मागे सरावं लागतं. दालीची ती वितळणारी घड्याळं मात्र जेमतेम २४ बाय ३३ सेंटिमीटरची. तिथे उलट पुढे वाकावं लागतं. जपानी चित्रकार होकुसाईची लाट छापील कागदावरची, मांडीवर धरून बघता येईल अशी. पडद्यावर ही तिन्ही एकामागून एक आली की तिन्ही सारखीच भव्य दिसतात आणि मग तिघांपैकी कुणीच भव्य राहत नाही. मोठ्या चित्रासमोर आपलं शरीर लहान होतं, छोट्या चित्रासमोर श्वास आपोआप हळू होतो. हे सगळं सोफ्यावर बसल्या जागी घडत नाही. उभ्या चित्रांचं तर आणखी हाल. पडदा आडवा, चित्र उभं. मग एकतर दोन्ही बाजूंना काळे पट्टे, नाहीतर पायांपासून सुरू करून सावकाश चेहऱ्यापर्यंत चढत जाणारा कॅमेरा. चित्रकाराने सगळं एकदम समोर ठेवलेलं असतं. कॅमेरा त्याची गोष्ट करतो, आधी हे, मग ते, आणि शेवटी चेहरा.

याला एक सुंदर अपवाद मला सापडलाय. जुनी चिनी गुंडाळीचित्रं. नदीकाठच्या शहराचं ते प्रसिद्ध, सोंग राजवटीच्या काळातलं चित्र पंचवीस सेंटिमीटर उंच आणि पाच मीटरहून लांब आहे. ते भिंतीवर ताणून लावण्यासाठी केलेलंच नव्हतं. उजवीकडून थोडं उलगडायचं, बघायचं, बघून झालेलं गुंडाळायचं, पुढचं उलगडायचं. म्हणजे एका वेळी हातभर चित्र. कॅमेरा जेव्हा त्या चित्रावरून उजवीकडून डावीकडे सावकाश सरकतो, शेतांतून, पुलावरून, गर्दीतून, तेव्हा तो जवळजवळ तेच करत असतो जे चित्राच्या मूळ मालकाचे हात करत होते. संग्रहालयात काचेखाली पूर्ण उलगडून ठेवलेल्या गुंडाळीपेक्षा इथे पडदा चित्राच्या जास्त जवळ जातो. म्हणून माझी तक्रार पडद्याविरुद्ध नाही. पडद्याला काय जमतं आणि काय जमत नाही, हे ओळखून केलेले कार्यक्रम मला हवे आहेत.

मापाइतकाच वेळेचा प्रश्न. संग्रहालयात एखाद्या चित्रासमोर किती थांबायचं ते माझे पाय ठरवतात. टीव्हीवर ते संकलक ठरवतो. मी अजून चित्रातल्या एखाद्या स्त्रीच्या बाहीच्या निळ्या घडीत असते, आणि कॅमेरा खिडकीकडे निघालेला असतो. हल्ली थांबवायची सोय आहे, मी थांबवतेही, पण थांबवलेलं चित्र वेगळंच दिसतं. शिवाय रंग. भिंतीवरचं चित्र त्याच्यावर पडलेला उजेड परत करतं. दुपारी वेगळं दिसतं, ढग आले की वेगळं. पडदा स्वतःच उजेड फेकतो. इटलीतल्या राव्हेनाच्या चर्चमधल्या सोनेरी मोझेइकचे तुकडे मुद्दाम किंचित वेगवेगळ्या कोनांत बसवलेत, माणूस चालला की ते एकामागून एक लुकलुकतात. कॅमेरा स्थिर ठेवला तर तिथे पिवळा रंग दिसतो आणि सोनं नाहीसं होतं.

आणि तरीही मी हे कार्यक्रम सोडलेले नाहीत.

कलेवरच्या मोठ्या मालिकांना जोर आला तो रंगांमुळे. बीबीसीची दुसरी वाहिनी १९६७ मध्ये रंगीत झाली, तिचे प्रमुख होते डेव्हिड ॲटनबरो, हो, तेच, प्राण्यांवरचे कार्यक्रम करणारे. रंगीत टीव्हीवर काय काय करता येतं हे दाखवायला त्यांना युरोपातल्या सुंदर वस्तूंची एक मोठी मालिका हवी होती आणि ती त्यांनी कलेचे इतिहासकार केनेथ क्लार्क यांच्याकडून करवून घेतली. १९६९ मध्ये 'सिव्हिलायझेशन' आली, तेरा भागांची. पहिल्या भागात क्लार्क पॅरिसमध्ये सेन नदीच्या काठी उभे राहतात आणि म्हणतात, संस्कृती म्हणजे काय ते मला शब्दांत सांगता येणार नाही, पण समोर आली तर ओळखता येईल. आणि मागच्या नोत्र-दाम कॅथेड्रलकडे वळून म्हणतात, आत्ता ती समोरच आहे. हे दृश्य मी जितक्या वेळा बघते तितक्या वेळा माझ्या मनात दोन गोष्टी एकदम उठतात. एक, या माणसाला त्या दगडांविषयी खरंच काही वाटतंय, त्याचा आवाज खोटा नाही. दोन, त्याच्या संस्कृतीच्या नकाशात माझ्यासाठी जागा नाही. युरोप संपला की तो नकाशा संपतो, आणि युरोपातलाही स्पेन त्याने जवळजवळ गाळलाय. मालिकेच्या नावाखालीच 'वैयक्तिक दृष्टिकोन' असं लिहिलेलं आहे, म्हणजे फसवणूक नाही. २०१८ मध्ये नव्याने केलेल्या मालिकेत तीन निवेदक होते, जगभरची कला होती, नकाशा मोठा झाला. मला ती पटली. पण आठवत राहतो तो क्लार्कच, हातात काही नसताना, नदीकाठी, वळून बघणारा.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९७२ मध्ये, लेखक आणि कलासमीक्षक जॉन बर्जर आला. 'वेज ऑफ सीइंग', अर्ध्या तासाचे चार भाग. सुरुवातीलाच तो बोत्तिचेल्लीच्या एका चित्राजवळ जातो, सुरी काढतो आणि व्हीनसचा चेहरा कापून घेतो. चित्र अर्थातच प्रतिकृती, पण छातीत धस्स होतंच. आईला जो प्रश्न पडला त्याच्या आसपासचंच तो सांगत होता: कॅमेऱ्याने चित्राला त्याच्या भिंतीवरून उचललं, आता ते कुठेही जाऊ शकतं, कुणाच्याही घरात, कोणत्याही संगीताबरोबर, कोणत्याही तुकड्यात. आणि मला त्याचं सगळ्यात आवडतं ते हे की तो स्वतःलाही यातून वगळत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी तो प्रेक्षकांना सांगतो की मी ही चित्रं माझ्या सोयीने मांडतोय, तेव्हा माझ्यावरही विश्वास ठेवू नका. त्याच भागात त्याने कॅराव्हाज्योचं एक चित्र शाळकरी मुलांसमोर ठेवलंय. मुलं मधल्या माणसाकडे बघून वाद घालतात, हा पुरुष आहे की बाई. येशूला दाढी नाही, चेहरा गोल आहे, हे त्यांनी कुणी न सांगता बघितलेलं असतं. कॅमेरा तेव्हा चित्र सोडून मुलांच्या चेहऱ्यांवर असतो. मला वाटतं, बर्जरच्या सगळ्या युक्तिवादांपेक्षा त्या मुलांचे चेहरे जास्त काही सांगतात.

कारण टीव्हीला चित्र नीट दाखवता येत नाही. चित्र बघणारा माणूस मात्र अतिशय नीट दाखवता येतो.

हे मला सिस्टर वेंडी बेकेटमुळे कळलं. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेली जोगीण, इंग्लंडमधल्या एका मठाच्या आवारात एका कॅरॅव्हॅनमध्ये एकटी राहणारी, दिवसाचा बहुतेक वेळ प्रार्थनेत घालवणारी. १९९० च्या दशकात बीबीसीने तिला संग्रहालयांमधून फिरवलं. काळा झगा, मोठा चष्मा, पुढे आलेले दात. तोवर तिने कितीतरी चित्रं पुस्तकांत आणि पोस्टकार्डांवरच बघितलेली होती, म्हणजे तीसुद्धा मुळात आपल्यासारखीच, प्रतिमांवर वाढलेली. आणि ती बोलायची कशी! समोर लिहिलेलं काही नाही. चित्राच्या शेजारी उभी राहून, हात छातीशी धरून, जणू चित्रातल्या माणसांशी नुकतीच ओळख झालीय आणि आता ती तुमच्याशी करून द्यायचीय. नग्न देहांविषयी ती कोणताही संकोच न करता, प्रेमाने बोलायची, आणि ते ऐकून लोक चकित व्हायचे. तिला त्यात चकित होण्यासारखं काही वाटत नसे. मी तिचे कार्यक्रम बघते तेव्हा चित्र किती मोठं आहे ते मला सांगावं लागत नाही. ती शेजारी उभी असते. चित्र तिच्या खांद्यापर्यंत येतं, की तिच्या डोक्यावरून वर जातं, हे दिसत असतं. कधी ती वाकते, कधी मान वर करते. मापाचा प्रश्न तिच्या देहानेच सुटतो. इतका सोपा उपाय आहे हा, आणि ड्रोन, क्रेन, संगणकीय चित्रं यांच्या गर्दीत तो कितीतरी दिग्दर्शकांना सुचत नाही: चित्राशेजारी माणूस उभा करा आणि कॅमेरा मागे घ्या.

पडद्याला आणखी एक गोष्ट फार चांगली जमते, ती म्हणजे हात. बॉब रॉसच्या 'द जॉय ऑफ पेंटिंग'चे ४०३ भाग झाले, १९८३ ते १९९४. काळी पार्श्वभूमी, एक इझल, एक माणूस आणि अर्ध्या तासाच्या आत पूर्ण होणारा एक डोंगर. प्रत्येक चित्र तो तीनदा काढायचा: एक आधी, समोर ठेवून बघण्यासाठी, एक कॅमेऱ्यासमोर, एक नंतर, पुस्तकासाठी. कलासमीक्षकांना त्याची झाडं आवडत नाहीत आणि मलाही ती घरात लावायची नाहीत. पण रंग ओला असताना त्यावर दुसरा ओला रंग चढताना, दोन इंची ब्रश कॅनव्हासवर आपटताना जो कोरडा, मऊ आवाज येतो, तो ऐकण्यासाठी मी एखादा आख्खा भाग बघू शकते. त्यात काहीही कापलेलं नसतं. चाकावर माती वर चढताना दाखवणारे कुंभारकामाच्या स्पर्धांचे कार्यक्रम मी याच कारणासाठी बघते. स्पर्धा कोण जिंकतो याच्याशी मला देणंघेणं नाही, आणि शेवटी निकाल सांगण्याआधी लांबवलेली ती शांतता तर मला सहनच होत नाही. पण भांडी भट्टीत गेल्यावरची शांतता वेगळी. तिथे कॅमेरा आत जाऊ शकत नाही, कुंभारही जाऊ शकत नाही. दार उघडेपर्यंत दोघंही सारखेच आंधळे. ते दृश्य कुणी बनवलेलं नसतं.

शिल्पाचं टीव्हीशी चित्रापेक्षा बरं जमलंय. १९५१ मध्ये जॉन रीड यांनी शिल्पकार हेन्री मूरवर बीबीसीसाठी जो माहितीपट केला, तो कृष्णधवल आहे, आणि त्यात मूरच्या आडव्या आकृत्यांभोवती कॅमेरा फिरतो तेव्हा पोकळ्या उघडतात आणि बंद होतात. शिल्पाभोवती फिरावंच लागतं, म्हणून इथे कॅमेऱ्याची हालचाल खरी वाटते.

जे डोळ्यांना दिसतच नाही ते दाखवण्याची ताकदही याच माध्यमात आहे. फ्रेंच टीव्हीवर ॲलँ जोबेर यांची 'पालेत' नावाची मालिका होती. एका भागात एकच चित्र, अर्धा तास, बाकी काही नाही. तिरका उजेड टाकून रंगाचे उंचवटे दाखवायचे, क्ष-किरणांनी आतलं शिसं असलेलं पांढरं शोधायचं, इन्फ्रारेडने रंगाखालची कोळशाची रेघ वर आणायची. चित्र बदलत जातं, चित्रकाराने आधी हात कुठे ठेवला होता आणि मग कुठे नेला ते कळतं. ड्रेस्डेनमधलं व्हर्मीरचं पत्र वाचणारी मुलगी आठवा. तिच्यामागची ती रिकामी, शांत भिंत. क्ष-किरणांत त्या भिंतीखाली मदनाचं चित्र आहे हे १९७९ मध्येच दिसलं होतं. ते व्हर्मीरने नव्हे, त्याच्यानंतर कुणीतरी झाकलंय हे फार उशिरा ठरलं, आणि २०२१ मध्ये तो मदन उघडा करून चित्र पुन्हा लोकांसमोर ठेवलं गेलं. रंगाचा तो थर सूक्ष्मदर्शकाखाली, सुरीच्या टोकाने, कणाकणाने निघताना मी बघितलाय. आणि बघताना वाईटही वाटलं. ती रिकामी भिंत मला आवडत होती.

डिझाइनवरचे कार्यक्रम मात्र बहुतेक वेळा माझ्या हाती काही लागू देत नाहीत. प्रसिद्ध डिझायनर काचेच्या कार्यालयात चालतो, संथ गतीत, आणि प्रेरणेविषयी बोलतो. खुर्ची कशी दिसते ते कळतं, तिच्यावर तीन तास बसल्यावर पाठीचं काय होतं ते कळत नाही. याला उत्तर मला मुलांच्या कार्यक्रमात मिळालं. जपानच्या एनएचके वाहिनीने २०११ मध्ये 'देझाइन आ' सुरू केला. त्यात एक वस्तू घेतात आणि तिचे सगळे भाग एकेक करून सुटे होत जातात, रांगेत जाऊन उभे राहतात. दुसऱ्या एका सदरात मध्ये एक वस्तू ठेवलेली असते, भोवती माणसं बसून तिचं रेखाटन करतात. मागे गाणं चालू असतं. प्रत्येकाला वस्तूची वेगळी बाजू दिसते, प्रत्येकाची रेघ वेगळी येते. कुणी समजावून सांगत नाही. भाग संपला की मी टेबलावरची कात्री उचलून तिचे दोन दांडे असमान का आहेत ते बघायला लागते. एका कार्यक्रमाने याहून जास्त काय करावं?

वास्तुकला सगळ्यात कठीण. इमारत म्हणजे तिच्यातून चालणं. बुटक्या दारातून वाकून आत जाणं आणि मग एकदम छत उंच होणं, पावलांचा आवाज बदलणं, दगडाचा गारवा तळव्याला लागणं. टीव्हीला यातलं फक्त दिसणं मिळतं, थोडं ऐकू येणं, पण ते ऐकू येणंही बहुतेक वेळा संगीताखाली पुरलेलं असतं. कलासमीक्षक रॉबर्ट ह्यूजने १९८० च्या 'द शॉक ऑफ द न्यू' या मालिकेत ब्राझीलियाला, ब्राझीलच्या आखून वसवलेल्या राजधानीत, जाऊन त्या अफाट मोकळ्या जागांमध्ये उभं राहून टीका केली, आणि ती पटण्याचं कारण त्याचे शब्द कमी, त्या जागेत त्याचं इवलंसं दिसणं जास्त. आर्ते वाहिनीच्या 'आर्शितेक्त्यूर' मालिकेत प्रत्येक भागात एकच इमारत असते, आणि ते इमारतीचं मॉडेल उघडून दाखवतात: छप्पर उचललं, मजला काढला, आता बघा भार कुठून कुठे जातो. ते मला ड्रोनच्या दहा उड्डाणांपेक्षा जास्त काही देऊन जातं. वरून बघितलेली इमारत ही फक्त पक्ष्याला आणि गुंतवणूकदाराला ठाऊक असलेली इमारत. तिच्यात राहणाऱ्या कुणालाच ती तशी दिसत नाही. अपवाद वेरूळच्या कैलास लेण्याचा. ते डोंगराच्या माथ्यापासून खाली खोदत आणलंय, शिखर आधी, पाया शेवटी. तिथे ड्रोन वरून खाली उतरतो तेव्हा तो आठव्या शतकातल्या छिन्नीच्याच वाटेने उतरत असतो, आणि मला पहिल्यांदाच त्या यंत्राविषयी आदर वाटला.

शिवाय इमारती पडतात. वास्तुसमीक्षक इयन नेर्न १९७२ मध्ये इंग्लंडच्या नॉर्दॅम्प्टनमधल्या एका जुन्या आर्केडमध्ये, म्हणजे छताखालच्या दुकानांच्या गल्लीत, उभा राहून, ती पाडू नका म्हणून कॅमेऱ्यासमोर कळकळीने बोलला होता. ती पाडलीच. आता ती आर्केड त्या काही मिनिटांच्या फिल्ममध्ये उभी आहे, त्याच्या रागासकट. क्लार्कच्या मागे दिसलेल्या नोत्र-दामचं छप्पर आणि मनोरा २०१९ च्या आगीत गेले, मग पुन्हा उभारले. अशा वेळी मापाची, रंगाची माझी सगळी कुरकुर मी बाजूला ठेवते आणि कुणीतरी तेव्हा कॅमेरा घेऊन तिथे गेलं होतं याबद्दल मनापासून आभार मानते.

घर बांधण्याचे कार्यक्रम मी शेवटी ठेवलेत, कारण त्यांच्याविषयी माझं मन अजून ठरत नाही. 'ग्रँड डिझाइन्स' १९९९ पासून चालू आहे. चिखल, पाऊस, संपत चाललेले पैसे, आणि मग अखेरीस निवेदक केव्हिन मॅक्लाउड पूर्ण झालेल्या घरात शिरतो. भिंती पांढऱ्या, टेबलावर वाडग्यात लिंबं, कुठेही वर्तमानपत्र नाही, चप्पल नाही. कॅमेरा हळूच निघून जातो, आणि घर सुरू व्हायचं असतं तिथेच कार्यक्रम संपतो. पण काही घरांकडे ते लोक काही वर्षांनी परत जातात. ते भाग मी कधीच चुकवत नाही. लाकूड राखाडी झालं की नाही, मोठ्या काचेसमोर पडदा आला का, जिन्याला जो कठडा नको म्हणून वाद झाला होता तो शेवटी लावला का, मुलं मोठी झाल्यावर त्यांच्या खोल्यांचं काय केलं, हे मी शोधत बसते. असाच एक कार्यक्रम मला हवाय, एकाच इमारतीचा, वीस वर्षांचा: दर पावसाळ्यानंतर जाऊन बघायचं, पाणी कुठे मुरलं, लोकांनी कुठे बसायचं ठरवलं, आर्किटेक्टने न आखलेली पायवाट कोणत्या कोपऱ्यातून निघाली. निवेदकही तोच, दर वर्षी एका वर्षाने म्हातारा होणारा. आणि पहिल्याच भागात त्याने दारात उभं राहावं, चौकट त्याच्या डोक्यावर किती उरते ते दिसेल असं.